सोयापेंड, कोंबडी आणि कोलेस्टेरॉल

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातील मुदखेडच्या परिसरात सोयाबीनची मळणी आटोपत आलेली असते. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील हे जंक्शन केळी आणि फुलशेतीसाठी ओळखले जात असले, तरी तालुक्यातील कोरडवाहू शिवारात खरिपात प्रामुख्याने सोयाबीनच दिसते. पोती बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याचे लक्ष लातूरच्या भावाकडे लागलेले असते. कारखान्यात १०० किलो सोयाबीनपासून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. तेल शहरातील स्वयंपाकघरांत जाते, तर पेंडेचा मोठा हिस्सा कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ते खरेच आहे. कारण वनस्पतीत नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. म्हणजे सोयापेंडेत ते नाही आणि तिच्या जोडीला कोंबडीला दिल्या जाणाऱ्या मक्यातही नाही. तरीही हेच खाद्य खाणारी कोंबडी सुमारे १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असलेले अंडे घालते. जे खाद्यात नाही, ते अंड्यात येते कोठून?

उत्तर सोपे आहे. ते कोंबडी स्वतः तयार करते. मात्र ती ते किती तयार करते, रक्तात किती खेळवते आणि शरीराबाहेर किती टाकते, यावर खाद्यातील प्रथिनांचा, नेमके सांगायचे तर त्या प्रथिनांतील अमिनो आम्लांचा प्रभाव पडतो. या विषयावर गेली सहा-सात दशके संशोधन होत आले आहे. सोयाबीनचा भाव, पोल्ट्रीचालकाचा खाद्यखर्च आणि शहरी ग्राहकाच्या मनातील अंड्याची भीती या तिन्ही गोष्टींचा या संशोधनाशी संबंध आहे.

हार आणि फुले

प्रथिने सुमारे वीस अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांतील काही कोंबडी स्वतः तयार करू शकते. काही मात्र खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. हा हिशेब मुदखेडच्या फुलबाजारातील हारासारखा असतो. एका हारात झेंडू, शेवंती आणि गुलाब ठरावीक क्रमाने ओवायचे असतील आणि गुलाब संपले, तर झेंडूच्या टोपल्या भरलेल्या असूनही पुढचा हार होत नाही. उरलेला झेंडू वाया जातो. शरीरातही जे अमिनो आम्ल सर्वांत अपुरे, त्याच्या प्रमाणातच प्रथिने तयार होतात. उरलेल्या अमिनो आम्लांतील नत्र युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडतो. त्यांचा कार्बनी सांगाडा ऊर्जेसाठी जाळला जातो किंवा चरबीत रूपांतरित होतो.

मका आणि सोयापेंड यांच्या मिश्रणात सर्वप्रथम कमी पडणारा 'गुलाब' म्हणजे मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल. १९२२ मध्ये जॉन हॉवर्ड म्युलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला. मांसल कोंबडीच्या, म्हणजे ब्रॉयलरच्या पिल्लांना पहिल्या तीन आठवड्यांत खाद्यात ०.५० टक्के मेथिओनिन आणि १.१० टक्के लायसिन असावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये केली होती. त्यानंतर कोंबड्यांच्या जाती अधिक वेगाने वाढणाऱ्या झाल्या आणि खाद्य कंपन्यांची प्रमाणेही बदलली. तरी हिशेब समजून घेण्यास हे आकडे उपयोगी आहेत.

समजा, १०० किलो खाद्यात ५५ किलो मका आणि ४० किलो सोयापेंड आहे. उरलेले तेल, खनिजे व जीवनसत्त्वे. मक्यात मेथिओनिन सुमारे ०.१८ टक्के, तर पेंडेत ०.६२ टक्के असते. म्हणजे मक्यातून ९९ ग्रॅम आणि पेंडेतून २४८ ग्रॅम, असे मिळून ३४७ ग्रॅम मेथिओनिन मिळाले. गरज ५०० ग्रॅमची आहे. तूट सुमारे १५० ग्रॅमची, म्हणजे टनामागे दीड किलोची राहिली. लायसिनचे मात्र उलट आहे. मक्यात ते जेमतेम ०.२६ टक्के असले तरी पेंडेत २.६९ टक्के असते. त्यामुळे १,१०० ग्रॅमची गरज असताना १,२१९ ग्रॅम लायसिन मिळून जाते. म्हणूनच खाद्याच्या कारखान्यात टनामागे थोडेसे कृत्रिम मेथिओनिन मिसळले जाते. ही पांढरी भुकटी मुख्यतः आयात होते आणि तिच्या किमतीकडे पोल्ट्री व्यावसायिक बारकाईने पाहत असतात.

हे दीड किलो मेथिओनिन मिसळले नाही, तर पिल्लांची वाढ खुंटते आणि पिसे नीट येत नाहीत, हे कोणीही शेडवाला सांगेल. रक्तात काय घडते, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

यकृतातील कारखाना

कोलेस्टेरॉल हा शब्दच मुळी पित्ताशी जोडलेला आहे. पित्ताशयातील खड्यांमध्ये सापडलेल्या या मेणचट पदार्थाला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पित्तवाचक ग्रीक शब्दावरून नाव दिले. आज हा शब्द हृदयविकाराच्या भीतीशी जोडला गेला असला, तरी कोलेस्टेरॉलवाचून प्राण्याची एकही पेशी उभी राहत नाही. पेशींचे आवरण, लैंगिक संप्रेरके आणि पचनासाठी लागणारी पित्ताम्ले या सर्वांसाठी ते लागते.

कोंबडीत चरबी तयार होण्याचे मुख्य ठिकाण यकृत आहे. उंदरासारख्या प्राण्यांत हे काम मेदपेशीही मोठ्या प्रमाणावर करतात. पक्ष्यांत मात्र बहुतेक सारा भार यकृतावरच असतो. कर्बोदके, चरबी किंवा जादा अमिनो आम्ले यांच्या विघटनातून मिळणाऱ्या दोन कार्बनच्या तुकड्यांपासून यकृत कोलेस्टेरॉल घडवते. तयार झालेल्या कोलेस्टेरॉलला दोन प्रमुख वाटा असतात. पहिली वाट रक्ताची. चरबी आणि कोलेस्टेरॉल यांचे सूक्ष्म गोळे बांधून ते रक्तात सोडले जातात. दुसरी वाट पित्ताची. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर होऊन ते आतड्यात उतरते आणि त्याचा काही भाग विष्ठेतून कायमचा बाहेर पडतो. या दोन्ही वाटांवर मेथिओनिनचा पहारा आहे.

मेथिओनिनच्या दोन वाटा

आधी पित्ताची वाट पाहू. पित्ताम्ले पचनकार्यात उतरण्यापूर्वी त्यांना एका लहान रेणूची जोड द्यावी लागते. माणसात हे काम ग्लायसिन आणि टॉरिन हे दोघेही करतात. कोंबडीत मात्र ही जोड टॉरिनचीच असते. टॉरिन तयार होते सिस्टीनपासून आणि सिस्टीन तयार होते मेथिओनिनपासून. धान्य आणि पेंड यांत टॉरिन जवळजवळ नसते. त्यामुळे निव्वळ शाकाहारी खाद्यावरील कोंबडीला ते गंधकयुक्त अमिनो आम्लांपासूनच मिळवावे लागते. मेथिओनिन व सिस्टीन पुरेसे असल्यास पित्ताम्लांची ये-जा सुरळीत राहते आणि कोलेस्टेरॉलच्या निचऱ्याला मदत होते. मेथिओनिन पुरवल्यावर कोंबड्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसते, त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते.

आता रक्ताची वाट. पाण्यात तेल मिसळत नाही, त्याचप्रमाणे रक्तात चरबी मिसळत नाही. तिला वेष्टन लागते. हे वेष्टन प्रथिने आणि लेसिथिन यांचे असते. लेसिथिनसाठी लागणारे कोलिन खाद्यातून मिळते. शिवाय यकृत मेथिओनिनकडून प्रत्येक रेणूमागे तीन मिथिल गट घेऊनही लेसिथिन घडवू शकते. मेथिओनिन आणि कोलिन दोन्ही कमी पडले की वेष्टनाचा तुटवडा होतो. चरबी तयार होत राहते, पण यकृताबाहेर पडत नाही; यकृत पिवळे, ठिसूळ आणि चरबीयुक्त होत जाते.

येथेच मोठी गंमत आहे. अशा आजारी कोंबडीचे रक्त तपासले, तर त्यातील चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी दिसू शकते. गोदामात माल कुजतो आहे आणि रस्त्यावर मालमोटारी नाहीत म्हणून सारे आलबेल आहे, असे समजण्याचा हा प्रकार झाला. माणसाच्या रक्ततपासणीच्या सवयीने 'कमी आकडा म्हणजे चांगली प्रकृती' असे गणित कोंबडीला लावता येत नाही.

पुन्हा, मेथिओनिन ओतत गेल्याने फायदा वाढत जातो, असेही नाही. अतिरेक झाल्यास सर्वाधिक अपायकारक ठरणाऱ्या अमिनो आम्लांत त्याची गणना होते. गरजेपेक्षा खूप जास्त मेथिओनिन दिल्यास पिल्ले खाणे कमी करतात आणि वाढ मंदावते. गरजेइतके मेथिओनिन असलेल्या खाद्यात आणखी भर घातल्यावर कोलेस्टेरॉल कधी घटले, कधी तसेच राहिले, तर कधी वाढलेही, असे वेगवेगळ्या प्रयोगांतील निष्कर्ष आहेत. मूळ खाद्यात तूट किती होती, कोलिन किती होते, पक्ष्याचे वय काय, तो मांसल की अंडी देणारा, यांवर उत्तर बदलते.

सशापासून कोंबड्यापर्यंत

प्रथिनांचा कोलेस्टेरॉलशी संबंध जोडण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. रशियात इग्नातोव्स्की या संशोधकाने १९०८ च्या सुमारास सशांना मांस, दूध, अंडी खाऊ घातली आणि त्यांच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याचे पाहिले. दोष प्राणिज प्रथिनांचा, असा त्याचा समज झाला. १९१३ मध्ये अनिच्कोव्ह याने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल देऊन तोच परिणाम घडवून दाखवला आणि पुढची कित्येक दशके साऱ्यांचे लक्ष आहारातील कोलेस्टेरॉलवरच खिळले.

ससा हा गवत खाणारा प्राणी. त्याच्या शरीराला आहारातून येणाऱ्या कोलेस्टेरॉलची सवय नसते. म्हणून सर्वभक्षी असलेला, स्वस्तात मिळणारा आणि झपाट्याने वाढणारा कोंबडा संशोधकांना सोयीचा वाटला. शिकागोत लुई कॅट्झ आणि जेरेमाया स्टॅमलर यांनी १९४० व १९५० च्या दशकांत कोंबड्यांवर धमनीकाठिण्याचे प्रयोग केले. चरबी आणि कोलेस्टेरॉल मुद्दाम मिसळलेल्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण कमी ठेवले, तर कोंबड्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक चढते आणि प्रथिने वाढवली की ते उतरते, असे त्या काळच्या प्रयोगांतून पुढे आले. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. हा गुण एकूण प्रथिनांचा की एखाद्या विशिष्ट अमिनो आम्लाचा? इलिनॉय विद्यापीठात एम. जी. कोकटनूर आणि फ्रेड कुम्मेरो यांनी १९६१ मध्ये अमिनो आम्लांच्या असमतोलाचा पिल्लांच्या कोलेस्टेरॉलशी असलेला संबंध तपासला, तो याच प्रश्नाचा पाठपुरावा होता.

लायसिन-आर्जिनिन या जोडीची कथाही अशीच. १९७० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत दुधातील केसीन दिल्यावर कोलेस्टेरॉल वाढते आणि सोयाप्रथिन दिल्यावर ते कमी राहते, असे दिसले. केसीनमध्ये आर्जिनिनच्या मानाने लायसिन फार. सोयात आर्जिनिन भरपूर. तेव्हा या दोहोंचे गुणोत्तर महत्त्वाचे असावे, असे अमेरिकी संशोधक डेव्हिड क्रिचेव्हस्की यांनी सुचवले. कोंबडीसाठी या जोडीला आणखी एक पदर आहे. आपल्या शरीरातील नत्र युरियाच्या रूपाने बाहेर पडतो आणि त्या चक्रात आर्जिनिन तयार होते. पक्ष्यांत ते चक्र पूर्ण नसते, म्हणून कोंबडीला आर्जिनिन खाद्यातूनच मिळावे लागते. त्यात लायसिनचा अतिरेक झाला, तर मूत्रपिंडात आर्जिनिन मोडणाऱ्या विकराचा जोर वाढतो आणि आधीच मोजके असलेले आर्जिनिन नष्ट होते. एक अमिनो आम्ल वाढवताना दुसऱ्याची तूट ओढवते ती अशी.

सशातील निष्कर्ष माणसाला लावण्याचे काय झाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिन हृदयविकाराचा धोका कमी करू शकते, असा दावा वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली. पुढील अभ्यासांत परिणाम क्षीण आणि विसंगत आढळला आणि २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने ती परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. सशाचे सत्य कोंबडीला आणि कोंबडीचे माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

अंड्यावरच्या कोंबडीचे वेगळे गणित

मांसल पिल्लू आणि अंडी देणारी कोंबडी यांच्या रक्तात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तलंग अंड्यावर येऊ लागली की तिच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढते. त्या हुकमाने यकृत एका खास प्रकारचे, नेहमीपेक्षा लहान आकाराचे चरबीगोळे मोठ्या संख्येने रक्तात सोडू लागते. हे गोळे वाटेत मेदपेशींनी फोडू नयेत, अशी त्यांची रचना असते. त्यांचा मुक्काम एकच, अंडाशयात वाढणारे पिवळे बलक. या काळात कोंबडीच्या रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते. माणसाच्या रक्तात असा आकडा आला तर डॉक्टर हादरतील. कोंबडीत तो ती जोमाने अंड्यावर असल्याची खूण असते.

हे चरबीगोळे बलकात घेण्यासाठी बीजांडाच्या आवरणावर एक प्रथिन द्वारपालासारखे काम करते. निसर्गानेच केलेल्या एका प्रयोगात या द्वारपालाचे महत्त्व कळले. कोंबड्यांच्या एका दुर्मीळ वाणात या प्रथिनातील एका ठिकाणी सिस्टीनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल बसलेले असते. एवढ्या एका बदलाने द्वारपाल निकामी होतो. अशी कोंबडी जवळजवळ अंडीच देत नाही. तिच्या रक्तात कोलेस्टेरॉल आणि चरबी साचत जाते आणि रक्तवाहिन्यांना रोग जडतो. १९९५ मध्ये या दोषाचा उलगडा प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा, की निरोगी कोंबडीसाठी अंडे हीच कोलेस्टेरॉल बाहेर जाण्याची सर्वांत मोठी वाट आहे.

मग खाद्यातील अमिनो आम्ले बदलून कमी कोलेस्टेरॉलचे अंडे मिळवता येईल का? व्यवहारात याचे उत्तर फारसे आशादायक नाही. बलक हा पिल्लाचा एकवीस दिवसांचा शिधा आहे; गर्भाच्या प्रत्येक पेशीला लागणारे कोलेस्टेरॉल त्यात असावेच लागते. म्हणून खाद्य बदलून कोंबडीच्या रक्तातील आकडा हलला, तरी बलकातील कोलेस्टेरॉल फार थोडे हलते. मेथिओनिन कमी केले तर अंड्याचा आकार आणि संख्या घटते. पण प्रत्येक ग्रॅम बलकातील कोलेस्टेरॉल त्या प्रमाणात उतरत नाही. खाद्यातून बलकाचे काही गुण मात्र निश्चित बदलता येतात. जवस दिल्यास ओमेगा-३ मेदाम्ले वाढतात, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम वाढवता येते, झेंडूच्या पाकळ्यांतील रंगद्रव्याने बलक गडद केशरी होतो. बाजारात चढ्या भावाने मिळणाऱ्या 'खास' अंड्यांकडे पाहताना ग्राहकाने हा फरक ध्यानात ठेवावा. गडद बलक म्हणजे कमी कोलेस्टेरॉल नव्हे, आणि अंडे तपकिरी किंवा गावरान असल्यानेही ते कोलेस्टेरॉलमुक्त होत नाही.

माणसाच्या बाजूनेही चित्र पालटले आहे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोलेस्टेरॉल खाऊ नये, ही आकड्यातील मर्यादा अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून २०१५ नंतर वगळण्यात आली. बहुतेक निरोगी माणसांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवर आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा, म्हणजे साजूक तूप, वनस्पती तूप, पामतेल यांचा परिणाम अधिक होतो, असे आता मानले जाते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र बलकाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शेडमधील सावधगिरी

या साऱ्या रसायनशास्त्राचा मुदखेड-भोकर परिसरातील कोंबडीपालकाला उपयोग काय? पहिली गोष्ट, घरचे सोयाबीन कच्चेच भरडून कोंबड्यांना घालू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते असताना स्वादुपिंड फुगते, त्याच्या स्रावांतून गंधकयुक्त अमिनो आम्ले वाया जातात आणि मुळातच कमी असलेले मेथिओनिन आणखी कमी पडते. योग्य उष्णता दिल्याने सोयाबीनची पोषकता सुधारते, हे ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते. मात्र पेंड करपली तर लायसिन शर्करेशी जखडले जाते आणि पक्ष्याला उपलब्ध होत नाही. फार गडद तपकिरी पेंड प्रयोगशाळेत प्रथिनांचा आकडा चांगला दाखवेल, पण पिल्लाच्या अंगी लागणार नाही.

दुसरी गोष्ट, उन्हाळा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि कोंबड्यांचे खाणे घटते. तेव्हा खाद्यात एकूण प्रथिने वाढवणे चुकीचे ठरते. जादा अमिनो आम्ले मोडताना शरीरात आणखी उष्णता निर्माण होते आणि विष्ठेतील नत्रामुळे लिटरमध्ये अमोनियाचा उग्र वास सुटतो. प्रथिने बेताची ठेवून मेथिओनिन आणि लायसिन यांची नेमकी भर घालणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

तिसरी गोष्ट, अंड्यावरच्या कोंबड्या अचानक दगावू लागल्या, तुरे फिके पडले आणि शवविच्छेदनात पोटात रक्त व पिवळे, ठिसूळ यकृत आढळले, तर तो चरबीयुक्त यकृताचा आजार असू शकतो. भरपूर ऊर्जा देणारे खाद्य आणि पिंजऱ्यातील बैठे जीवन ही त्याची प्रमुख कारणे. कोलिन व मेथिओनिनची तूट त्यात भर घालते. अशा वेळी बाजारातील यकृतटॉनिकांच्या बाटल्या रिचवण्यापूर्वी खाद्याचा हिशेब तपासावा. लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचे जाणकार आहेत.

भावाचा प्रश्न

अमिनो आम्लांचा हा हिशेब शेवटी सोयाबीनच्या भावापर्यंत जाऊन पोहोचतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचले. पेंड महागल्याने पोल्ट्री उद्योगाने ओरड केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवीन पीक हाती येण्याच्या तोंडावर झालेल्या या निर्णयाने मराठवाड्यातील शेतकरी संतापले होते. २०२४-२५ च्या हंगामात चित्र नेमके उलटे झाले. ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजारात त्याहून कमी भावाने सोयाबीन विकावे लागले. त्याच सुमारास मका आणि तांदळापासून इथेनॉल तयार करताना उरणारा चोथा, व्यापारी ज्याला 'डीडीजीएस' म्हणतात, कोंबडीखाद्यात मोठ्या प्रमाणावर आला आणि सोयापेंडेची मागणी घटली.

या चोथ्यात प्रथिनांची टक्केवारी भरघोस दिसते. मात्र त्याचे मूळ धान्य असल्याने लायसिन कमी असते, आणि वाळवताना दिलेल्या उष्णतेने त्यातीलही काही निकामी होते. पोत्यावरील टक्केवारी पाहून पेंडेच्या जागी चोथा टाकला आणि लायसिनची भर घातली नाही, तर हारातील दुसरा गुलाब संपतो. पिल्ले वाढायला अधिक दिवस घेतात, न वापरली गेलेली अमिनो आम्ले चरबीत जातात आणि स्वस्त पडलेले खाद्य अखेर महाग पडते. सोयापेंडेची खरी किंमत तिच्यातील प्रथिनांच्या आकड्यात नसून लायसिन, आर्जिनिन यांच्या मेळात आहे. पेंडेचा व्यवहार केवळ प्रथिनांच्या टक्क्यावर न करता पचनीय अमिनो आम्लांच्या आधारे झाला, तर सोयाबीन उत्पादकाची बाजू अधिक भक्कम होईल.

कोंबडीच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा आकडा एकटाच वाचला, तर तो फसवतो. पिल्लात तो अमिनो आम्लांच्या तुटीमुळे चढू शकतो, आजारी यकृतामुळे उतरू शकतो आणि अंड्यावरच्या कोंबडीत चांगल्या उत्पादनामुळे वाढू शकतो. तो वाचायचा तर शेजारी खाद्याचा कागद, यकृताचा रंग आणि अंड्यांची वही ठेवावी लागते. शहरातील ग्राहकानेही बलकाकडे पाहताना त्यामागे मका आणि सोयापेंड यांचे शाकाहारी खाद्य आणि यकृताचा अखंड उद्योग आहे, हे ध्यानात घेतले, तर निम्मी भीती ओसरेल. उरलेल्या निम्म्या भीतीसाठी ताटातील तुपा-तेलाकडे एकदा नीट पाहावे.